त्याला कमी ऐकू येतं, हे कुणी विचारलंच नाही

आठवीच्या वर्गात डाव्या भिंतीलगतच्या शेवटच्या बाकावर तो बसायचा. खांदा भिंतीला टेकलेला, तोंडही भिंतीकडेच. वर्गशिक्षक वैतागून मला म्हणाले, "बघा बाई, सरळ बस सांगून सांगून थकलो. तिकडून आल्यापासून माज चढलाय नुसता." तिकडून म्हणजे रिमांड होममधून. मोटारसायकल चोरीच्या प्रकरणात तीन थोराड पोरांबरोबर तोही सापडला होता. गाड्या ते काढायचे, हा गल्लीच्या तोंडाशी राखणीला उभा राहायचा. पाच आठवडे निरीक्षणगृहात काढून तो जामिनावर घरी आला होता.

मी त्या शाळेत विशेष शिक्षिका म्हणून आठवड्यातून एकदा जायचे, तेही दुसऱ्याच एका मुलीसाठी. मधल्या सुट्टीत तो नळापाशी उभा होता. त्याच्या डाव्या बाजूने मी हाक मारली, तो वळला नाही. फिरून उजवीकडून मारली, तर लगेच मान वर. डाव्या कानात कापसाचा बोळा होता, कॉलरवर पिवळट डाग. कान लहानपणापासून वाहतोय, असं आई नंतर म्हणाली. भिंतीकडे तोंड केलं की त्याचा चांगला कान फळ्याकडे यायचा, एवढंच होतं ते. पोलिसांनी काय विचारलं होतं, असं मी त्याला विचारलं. म्हणाला, "सगळं नाय ऐकू आलं. साहेब चिडले की हो म्हणायचं." एका कानाने जवळजवळ बहिऱ्या पोराला राखणीला उभं करणाऱ्या त्या तिघांच्या अकलेचं मला अजून नवल वाटतं.

शाळेतल्या शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना त्याचा गुन्हा ठाऊक होता. कान कुणालाच ठाऊक नव्हता. कायद्याला नेमकं याच्या उलट हवं आहे: गुन्हा शक्य तितक्या कमी लोकांना कळावा आणि गरज ज्यांना शिकवायचं आहे त्या सगळ्यांना. असं मूल ज्यांच्या वर्गात परत येतं त्या शिक्षकांसाठी, मुख्याध्यापकांसाठी आणि त्या मुलांच्या घरच्यांसाठी हा लेख आहे.

आधी एक गैरसमज. मूल 'शिक्षा भोगून' परत येतं असं आपण धरून चालतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला, कायद्याच्या भाषेत विधिसंघर्षग्रस्त बालकाला, जामीन मिळणं हा नियम आहे आणि नाकारणं हा अपवाद (कलम १२). त्यामुळे परत येणारी बरीच मुलं जामिनावर आलेली असतात, चौकशी चालू असते, बाल न्याय मंडळासमोरच्या तारखा पुढे असतात. काही जण आठवड्यात येतात, काही चार महिन्यांनी. शाळेला आगाऊ पत्र येत नाही. एखाद्या सोमवारी प्रार्थनेनंतर आई मुलाला घेऊन ऑफिसच्या दारात उभी राहते, बस्स.

त्या वेळी मुख्याध्यापकांच्या तोंडून निघणारं पहिलं वाक्य फार महत्त्वाचं असतं. "आता वर्ष वाया गेलंय, जूनमध्ये या" हे मी कितीदा तरी ऐकलं आहे. त्याला कायद्याचा आधार नाही. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शिक्षण हक्क कायदा वर्षाच्या अधेमधेही प्रवेश देतो, जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही आणि आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. पण आपली बहुतेक मुलं पंधरा-सोळाची असतात, आणि शाळा तिथेच बोट ठेवते: "चौदाच्या पुढे कायदा लागू नाही." मुलाचं अपंगत्व चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर हे उत्तर पुरत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३१ प्रमाणे अशा मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकता येतं. अपंगत्वाचा कागद हातात असणं इथे प्रत्यक्ष उपयोगी पडतं.

आणि त्याचं नाव पटावरून काढू नका. मूल महिनाभर दिसलं नाही की यू-डायसच्या पोर्टलवर त्याला ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, ढकलायची घाई होते. परतल्यावर ते नाव पुन्हा वर्गात आणायला जो खटाटोप करावा लागतो त्यात आणखी दोन आठवडे जातात. घरी माणूस पाठवून मूल कुठे आहे ते आधी जाणून घ्या.

पालक शाळा बदलायची म्हणत असतील तर दाखला लिहिताना पेन जरा थांबवा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक', 'शाळा सोडण्याचे कारण' आणि 'शेरा' असे रकाने असतात. एका दाखल्यावर मी स्वच्छ अक्षरात वाचलं आहे: 'पोलीस केसमुळे सतत गैरहजर.' लिहिणाऱ्या लेखनिकाच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याने खरं तेच लिहिलं. पण तो कागद मुलगा आयुष्यभर सगळीकडे दाखवत फिरणार. बाल न्याय कायदा म्हणतो की अशा प्रकरणामुळे मुलाला पुढे कोणतीही अपात्रता येऊ नये. मोठ्यांप्रमाणे खटला चालवलेली गंभीर प्रकरणं सोडली, तर ठरावीक काळाने त्याची नोंदही नष्ट करायची असते (कलम २४). मंडळाकडची नोंद जाईल आणि शाळेच्या दाखल्यावरची राहील, हा काय न्याय? 'पालकांच्या विनंतीवरून' हे दोन शब्द पुरतात.

आता माहिती कुठून मिळवायची. मुलाला पहिल्यांदा बाल न्याय मंडळासमोर उभं केल्यापासून पंधरा दिवसांत परिविक्षा अधिकाऱ्याने, म्हणजे आपण ज्यांना पीओ म्हणतो त्यांनी, सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. त्या नमुन्यात मुलाच्या घराबद्दल, तब्येतीबद्दल, अपंगत्वाबद्दल, शाळा का सुटली याबद्दल रकाने असतात. म्हणजे कुणीतरी हे सगळं एकदा विचारलेलं असतं. तो अख्खा अहवाल शाळेने मागू नये, मागितला तरी मिळू नये, कारण तो गोपनीय आहे आणि त्यात घरातली नको ती उणीदुणीही असतात. पीओंना फक्त एवढं विचारा: याला कोणती औषधं चालू आहेत, ऐकण्या-बघण्याची तपासणी झाली का, मानसोपचारतज्ज्ञांनी काही सांगितलं का, तिथे तो कोणत्या गोष्टीने बिथरायचा, कशाने शांत व्हायचा, पुढच्या तारखा कधी आहेत. एका पानात हे मावतं. मुलाच्या आणि पालकांच्या समोर, त्यांना विचारून ते पान तयार झालं तर उत्तमच. पीओंचा नंबर आईकडे असतो. नसला तर जिल्हा बाल संरक्षण कक्षातून मिळतो.

औषधांबद्दल मूल परत आल्याच्या पहिल्याच दिवशी विचारा, कारण सगळ्यात घातक फट इथे पडते. निरीक्षणगृहात रोज रात्री गोळी हातात मिळत होती. सुटताना आठवड्याची पट्टी दिली जाते किंवा तीही नाही. फिटच्या गोळ्या एकाएकी थांबल्या की फिट येण्याचा धोका वाढतो, आणि ती येते भर वर्गात. तेव्हा कांदा, चप्पल, किल्ली, तोंडात चमचा यातलं काही करायचं नाही. मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूची बाकं सरकवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन.

आता अपंगत्वाबद्दल. दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत एकवीस प्रकार आहेत. रिमांड होममधून येणाऱ्या मुलांमध्ये माझा ज्यांच्याशी जास्त सामना झाला ते नजरेला न दिसणारे: अध्ययन अक्षमता, सौम्य बौद्धिक अक्षमता, कमी ऐकू येणं, फिट, आणि अतिचंचलता. शेवटचे दोन प्रकार त्या यादीत स्वतंत्रपणे नाहीत, हे लक्षात ठेवा. त्या नावांखाली प्रमाणपत्र मागायला गेलेल्या आया हात हलवत परत येतात. चंचल मुलाला बऱ्याचदा अध्ययन अक्षमताही असते, तिची तपासणी जरूर करून घ्या.

'तारे जमीन पर' हा सिनेमा आला २००७ साली, आणि अक्षरं नाचणारं मूल म्हणजे काय ते घराघरांत कळलं. पण त्यातला ईशान बोर्डिंगात जातो. त्याचं बिऱ्हाड चाळीत किंवा झोपडपट्टीत असतं आणि चौथीपासून त्याला 'ढ' म्हणून मागे बसवलं असतं, तर सातवीत तो दुपारी शाळेबाहेरच्या टपरीवर सापडला असता. तिथे कोण भेटतं ते आपल्याला ठाऊक आहे.

डॉक्टरांकडे पाठवण्याआधी तुम्ही स्वतः दहा मिनिटांत बरंच काही ओळखू शकता. वर्ग सुटल्यावर, इतर मुलं नसताना, त्याला तिसरीच्या पुस्तकातला एक उतारा वाचायला द्या. अडखळला तर तोच उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि प्रश्न विचारा. वाचता येत नाही पण ऐकून सगळं कळतं, हे चित्र अध्ययन अक्षमतेकडे बोट दाखवतं. ऐकूनही कळत नसेल तर दोन पायऱ्यांचं साधं काम सांगा: "खडू त्या खिडकीत ठेव आणि दार लाव." मग विचारा, मी काय सांगितलं? त्याच्या पाठीमागे, दोन्ही बाजूंना आळीपाळीने उभं राहून हळू आवाजात नाव घ्या. पुढच्या बाकावरून आणि मागच्या बाकावरून फळ्यावरचं वाचायला लावा. हे निदान नव्हे. पण मुलाला कुठे पाठवायचं आणि चिठ्ठीत काय लिहायचं ते कळतं.

सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाची एक खूण मी शिक्षकांना आवर्जून सांगते. तो प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणतो. "कळलं का?" हो. "तू मारलंस का?" हो. "नाही ना मारलंस?" हो. मोठ्यांना खूश ठेवायची ही त्याने शिकलेली एकमेव युक्ती असते, आणि तिनेच तो पोलीस ठाण्यापर्यंत पोचलेला असू शकतो. अशा मुलाला शाळेत भांडणाबद्दल विचारताना हो-नाहीचे प्रश्न नकोतच. "काय झालं ते पहिल्यापासून सांग" म्हणा आणि गप्प बसा. वेळ लागतो. लागू द्या.

पुढचा रस्ता सरकारी आहे, हेलपाट्यांचा आहे, पण फुकट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य पथक शाळेत तपासणीला येतं. अठरा वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात, आणि तिथून मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवता येतं. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्रासाठी, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सिव्हिल हॉस्पिटलच्या ठरलेल्या वारी वैद्यकीय बोर्डासमोर जायचं. अध्ययन अक्षमतेची तपासणी करणारी केंद्रं मोजकीच आहेत. मुंबईत शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय आणि नायर इथे ती होते. एका फेरीत उरकत नाही: आधी कान-डोळे, मग बुद्धिमापन, मग लेखन-वाचनाची चाचणी. शाळेने मुलाच्या वह्यांची दोन-चार पानं आणि शेरा बरोबर दिला नाही तर फेरी फुकट जाते. आणि तालुक्याच्या गट साधन केंद्रात समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक असतात, हे कितीतरी मुख्याध्यापकांना माहीतच नसतं. त्यांना बोलवा, आम्ही तेवढ्यासाठीच असतो.

कागद येईपर्यंत थांबायचं मात्र नाही. कानाच्या त्या मुलाला अखेर प्रमाणपत्र मिळालंच नाही. एकच कान गेलेला, टक्के चाळिसाच्या आत. पण त्याच्या गरजेप्रमाणे सोय करून देणं ही शाळेची जबाबदारी आहे, आणि बाक बदलायला टक्के लागत नाहीत. तो ज्या बाजूला बसत होता ती बाजू त्याने स्वतःच बरोबर शोधली होती; रांग तेवढी चुकली होती. आम्ही त्याला त्याच भिंतीलगत पहिल्या बाकावर आणलं. उजवा कान वर्गाकडे, फळा हाताशी.

वर्गातल्या बाकी गोष्टी लहानसहान आहेत. सूचना एका वेळी एक द्या, फळ्यावर लिहा. निरीक्षणगृहात घंटेवर उठायचं, गिनतीला उभं राहायचं, घंटेवर जेवायचं. दिवसाचा आराखडा ठरलेला असतो. शाळेत ऑफ तास, बदली शिक्षक, गोंगाट. चंचल मूल अशा मोकळ्या तासातच भडकतं. सकाळीच त्याला आजचे तास सांगा, ऑफ तासाला ग्रंथालयात किंवा ऑफिसात एखादं काम द्या. भडकलाच तर वर्गासमोर माफी मागायला लावू नका. नोंदवहीत तारीख, वेळ आणि त्याआधीची पाच मिनिटं लिहा: कोणता तास होता, काय काम दिलं होतं, कोण काय म्हणालं. महिनाभराच्या अशा नोंदी वाचल्या की कळतं, हा नेहमी मोठ्याने वाचायला लावल्यावरच भडकतो. एरवी ज्या धक्काबुक्कीबद्दल दोन मुलांना पट्टी दाखवून सोडलं असतं (पट्टीही कायद्याने बंदच आहे म्हणा), ती याच्या बाबतीत पोलिसांपर्यंत नेली जाते. बाकीच्यांना जो नियम तोच त्यालाही लावा, एवढीच अपेक्षा आहे.

नववी-दहावीत असेल तर परीक्षेच्या सवलतींचं काम वर्षाच्या सुरुवातीलाच करा. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांची तरतूद २०१६ च्या कायद्यातच आहे, आणि प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. फेब्रुवारीत आठवण होऊन उपयोग नाही. नियमित शाळा जमतच नसेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देणं किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था हे मार्ग आहेत. पण ते मुलाने आणि घरच्यांनी निवडायचे. शाळेने सुटकेचा निःश्वास टाकण्यासाठी सुचवायचे नाहीत.

शिक्षकांच्या खोलीत काय सांगायचं? गरजांचं ते एक पान त्याला शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने वाचलेलं असावं. गुन्ह्याबद्दल मुख्याध्यापक आणि फार तर वर्गशिक्षकांना माहीत असेल तेवढं पुरे. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचं नाव घालून बातमीचं कात्रण टाकणं गंमत नाही. अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुलं विचारतीलच, "तू जेलमध्ये होतास ना?" काय उत्तर द्यायचं ते त्याच्याबरोबर आधीच ठरवा आणि दोनदा म्हणून घ्या. "बाहेर होतो, आता आलो" एवढं पुरतं. बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा मनाने काही रचणार नाही, तो सगळं खरं सांगून टाकेल, फुशारकीनेसुद्धा.

एक अवघड परिस्थिती राहिली. ज्याला इजा झाली तो विद्यार्थी त्याच शाळेत असेल तर? तेव्हा पहिली काळजी त्या मुलाची किंवा मुलीची. पण निर्णय शिक्षक-पालक सभेत हात वर करून घ्यायचा नसतो. पीओंमार्फत मंडळाला लेखी कळवा, वेगळी तुकडी, वेगळी पाळी किंवा दुसरी शाळा यापैकी काय शक्य आहे ते लिहा. दुसऱ्या शाळेत पाठवायचं ठरलं तर तिथला प्रवेश पक्का झाल्याशिवाय दाखला हातात देऊ नका, नाहीतर मूल दोन्हीकडून सुटतं.

घरच्यांसाठी थोडकं. मंडळासमोर बोलायला वकील फुकट मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून. मुलाचे दवाखान्याचे सगळे कागद एका पिशवीत ठेवा आणि प्रत्येक तारखेला ती पिशवी न्या. त्याला काय कळतं, काय कळत नाही, हे मंडळाला तुम्हीच सांगायचं. साहेबांना आपोआप समजेल असं धरू नका. मंडळाने शाळेत जाण्याची अट घातली असेल तर गैरहजेरीचा हिशेब द्यावा लागतो. म्हणून दवाखान्यात गेलेल्या दिवसाची चिठ्ठी शाळेत द्या आणि शाळेचं हजेरीचं पत्र महिन्याला मागून घ्या. शिक्षकांनीही ते कुरकुर न करता द्यावं, दोन ओळींचं काम आहे.

तारखेचा दिवस अख्खा जातो. सकाळी दहाला जाऊन बसायचं, नाव पुकारलं जायला तीन वाजतात, कधी पुढचीच तारीख मिळते. आईचा रोज बुडतो, मुलगा जेवलेला नसतो. हजेरीपटावर त्या दिवशी साधी रजा लावायची. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना चाळीस मुलांसमोर "काल कुठे होतास?" हा प्रश्न विचारायचा नाही, उत्तर विचारणाऱ्याला ठाऊकच असतं. कानाच्या त्या मुलाच्या वर्गशिक्षकांनी पुढे एक पद्धत पाडली. तारखेच्या दुसऱ्या दिवशी ते त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभे राहायचे आणि शेजारच्याची गणिताची वही त्याच्या बाकावर ठेवायचे. "इथून इथपर्यंत उतरवून घे. अडलं तर मधल्या सुट्टीत ये." तो वही उघडायचा, आणि ते फळ्याकडे वळायचे.